एकतीस पत्रांचं एक पत्र

कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, ईमेल आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये घरून आणलेला गार पराठा खात बसले होते. चारच ओळी होत्या. आमच्या गल्लीतून आलेल्या एकतीस पत्रांचा मजकूर सारखाच असल्यामुळे ती सगळी मिळून एक हरकत म्हणून नोंदवली आहे, असं प्लॅनिंग ऑफिसरने अगदी सौजन्याने कळवलं होतं. रहिवाशांना आपलं म्हणणं स्वतंत्रपणे मांडायचं असेल तर शुक्रवारपर्यंत मुदत आहे, हेही लिहिलं होतं. त्या दिवशी सोमवार होता. मी ती ईमेल तीनदा वाचली आणि उरलेला पराठा डब्यात परत ठेवला.

ती एकतीसही पत्रं मी लिहिली होती.

मी मेडिकल सेक्रेटरी आहे. डॉक्टर मशीनमध्ये बोलतात, मी ते ऐकून पत्रं टाइप करते. डॉक्टर फार गचाळ बोलतात. वाक्य अर्ध्यात सोडतात, मध्येच कुणाशी तरी चहाबद्दल बोलतात, एकच गोष्ट दोनदा सांगतात. मी सगळं नीट करते. वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं नीट करून करून मला एक घमेंड चढली आहे, की माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाचं बोलणं धड होत नाही. खिडक्या पुसणारा माणूस दारातून चिठ्ठी टाकतो तीसुद्धा मी मनातल्या मनात तपासते. नवरा याला माझा आजार म्हणतो.

आमची गल्ली इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका शहरात, लेस्टरपासून तासाभरावर. एकमेकांना चिकटलेली लाल विटांची घरं, टोकाला प्राथमिक शाळा आणि शाळेच्या मागे स्किपचं यार्ड. कुणी किचन बदललं, भिंत पाडली, की तो राडारोडा मोठ्या लोखंडी पेट्यांमध्ये भरून लॉरीने इथे आणतात. त्या पेट्यांना स्किप म्हणतात. उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत चौकटीवर राखाडी धूळ बसते. मी रोज पुसते आणि रोज चिडते. आता त्या यार्डाला मोठं व्हायचं होतं. शहरभरचा कचरा तिथे आणायचा, निवडायचा आणि पुढे पाठवायचा. तशी नोटीस दिव्याच्या खांबाला बांधलेली होती, पावसाने अर्धी शाई फुटलेली.

गल्लीतली बहुतेक घरं कॅरिबियनमधून आलेल्या लोकांची, त्यांच्या मुलानातवंडांची. आमच्या समोर आंटी राहतात. सत्तरी ओलांडली आहे. जमैकाहून इथे आल्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या; आई नर्स होती. वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणायची पद्धत त्यांच्यातही आहे, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून सोपं गेलं. त्यांच्याकडे नऊ वर्षांची नात राहते. तिला दमा आहे. वर्षभरात तिला दोनदा ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी मी बरोबर होते. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. आंटी तिच्या पायावर हात ठेवून हळू आवाजात "ईझी, ईझी" एवढंच म्हणत होत्या. दम्याची पत्रं मी रोज टाइप करते, पण तो आवाज त्यातल्या एकाही पत्रात नसतो.

नातीची आई, म्हणजे आंटींची मुलगी, स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे. तिने स्पष्ट सांगून टाकलं होतं, यार्ड मोठं झालं तर मी मुलीला घेऊन जाणार. तिचं काही चुकत नव्हतं. पण पोरगी दोन वर्षांची असल्यापासून आंटींच्या कुशीत झोपत आलेली. यार्डाची नोटीस लागल्यापासून आंटींचं जेवण निम्म्यावर आलं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांचं जेवण असतं. मी बौद्ध, पण गुरुवारी सुट्टी असली की वाढायला जाते, कारण तिथला भात आणि राजमा आमच्याकडच्या जेवणाची आठवण करून देतो. नोटीस लागल्यानंतरच्या एका गुरुवारी आंटी टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना नियम समजावून सांगितला. ठरावीक आकड्यापेक्षा जास्त वेगवेगळ्या हरकती गेल्या, तर निर्णय नगरसेवकांच्या कमिटीपुढे होतो, सगळ्यांच्या देखत, आणि आपल्याला तिथे बोलता येतं. तेवढ्या गेल्या नाहीत तर ऑफिसर आपल्या टेबलावर सही करून मोकळा होतो. म्हणून प्रत्येकाने लिहायचं. कसंही लिहा, पण लिहा.

मग त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "काळे म्हणून आम्हाला कुठेच खोली मिळत नव्हती तेव्हा ह्या गल्लीत मिळाली, म्हणून आम्ही इथे राहिलो. आणि आम्ही इथे राहिलो म्हणून हे सगळं इथेच आणून ठेवलं. रिंग रोड इथे. यार्ड इथे. आता शहराचा कचरा इथे."

मी मान हलवली. वाटी पुढे करून भात वाढत राहिले.

विदर्भातल्या ज्या गावात मी वाढले, तिथे नगरपालिकेचा कचरा डेपो आमच्या वस्तीला लागून होता. तो तिथे का होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. माझे वडील शाळामास्तर होते आणि सगळ्या वस्तीचे अर्ज तेच लिहीत. नळासाठी, दिव्यासाठी, डेपो हलवण्यासाठी. त्यांच्याकडे एक नमुना अर्ज होता. वर 'महोदय', खाली 'आपला विश्वासू', मधला मजकूर सुवाच्य, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. अंगठ्याची शाई पुसायला मी चिंध्या घेऊन शेजारी उभी असे. भाषेत एक काना चुकला तरी साहेब अर्ज टेबलाखाली टाकतो, असं वडील म्हणायचे. ते माझ्या हाडात मुरलं आहे.

लोकांनी लिहिलेले कागद आंटींनी माझ्याकडे आणून दिले. अर्ध्याजणांना कॉम्प्युटर जमत नाही, म्हणून मी टाइप करून पाठवायचे. कागद म्हणजे काय, पाकिटांच्या पाठी, बिंगोच्या पावत्या, कुणाच्या नातवाच्या वहीतलं पान. देताना आंटी म्हणाल्या, "टाइप कर. पण फार इस्त्री मारू नकोस."

मी कडक इस्त्री मारली.

एका बाईने लिहिलं होतं, नवऱ्याच्या अंत्ययात्रेच्या दिवसापासून मी पांढरी चादर बाहेर वाळत घातलेली नाही. एकीने निम्मं पान देवाला उद्देशून लिहिलं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या बसवाल्या काकांनी तर पत्रच लिहिलं नव्हतं. ते आयुष्यभर शहराच्या बस चालवत होते. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, उजवा हात गेला, तेव्हापासून दिवसभर खिडकीशी बसलेले असतात. त्यांनी डाव्या हाताने, हॉस्पिटलच्या जुन्या अपॉइंटमेंटच्या पत्रांच्या मागे, नुसत्या वेळा लिहिल्या होत्या. आठ सव्वीस. आठ एकतीस. आठ अडतीस. पानंच्या पानं. शेवटी एक वाक्य होतं, की हे बरोबर नाही.

मला ते वाचून भीतीच वाटली. हे असं कौन्सिलला गेलं तर तिथली माणसं गालातल्या गालात हसतील, असं मला वाटलं. इंग्रजी वेगळं असलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे मी फोनवरसुद्धा ओळखू शकते. माझ्या माणसांना कुणी हसू नये. म्हणून मी एक उत्तम पत्र तयार केलं. हवेचा दर्जा, रस्त्यावरची सुरक्षितता, आवाज, शाळेची जवळीक. तीन परिच्छेद, एकही चूक नाही. प्रत्येकाचं नाव आणि पत्ता घालून एकतीस वेळा पाठवलं. काम झाल्यावर वाटलं, वडील असते तर खूश झाले असते.

आणि मग मी दुसरं काम केलं. कोविडच्या काळात मी घरून टाइप करायचे, तेव्हा कागदाच्या पट्ट्या करणारा एक छोटा श्रेडर घेतला होता. ज्या कागदावर पेशंटचं नाव, जन्मतारीख किंवा हॉस्पिटल नंबर असेल तो काम संपताच श्रेडरमध्ये घालायचा, हा आमचा नियम. बसवाल्या काकांच्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर त्यांचा नंबर होता. इतर कागदांवर पत्ते होते, औषधांची नावं होती. मी शिस्तीची बाई. एकतीसही जणांचे कागद मी एकेक करून आत सोडले आणि त्यांच्या पट्ट्या कंपोस्टमध्ये मिसळल्या.

सोमवारी घरी आले तेव्हा हे सगळं एकदम डोक्यात उतरलं. पत्रं एकच धरली गेली होती आणि मूळ कागद माझ्या बागेतल्या टोमॅटोच्या मुळाशी होते. समोरच्या खिडकीत आंटी नातीचा गृहपाठ घेत होत्या. त्यांनी हात केला. मीही हात केला आणि पडदा ओढून घेतला.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. मंगळवारी सकाळीही नाही. कामावर एका डॉक्टरचं पत्र टाइप करताना मी पेशंटच्या डाव्या गुडघ्याचा उजवा केला, जे माझ्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं. ऑफिसरला मीच फोन करून सांगावं का, आंटींना न कळता काही जमवता येईल का, असे नाही नाही ते विचार. चार दिवसांतला एक मी घाबरण्यातच घालवला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आधी जाऊन सांगून टाक. बाकीचं मग बघू."

मंगळवारी कामावरून सुटल्यावर गेले. आंटी किचनमध्ये उभ्या होत्या. नात टेबलाशी बसून स्पेसरच्या प्लास्टिक नळीतून दम्याचा पंप घेत होती, दहा श्वास मोजत. तिचे दहा होईपर्यंत मी थांबले आणि ती बाहेर गेल्यावर सगळं सांगितलं. श्रेडरचंही. आंटींनी गॅस बंद केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला वाटलं ते आम्हाला हसतील," त्या म्हणाल्या. "की तुलाच आमची लाज वाटली?"

मी म्हटलं, तसं नाही. आणि म्हणताना मला कळलं की थोडंसं तसं होतं. त्यांची नाही, माझी स्वतःची. त्या कागदांमध्ये मला माझ्या वस्तीचे अंगठे दिसले होते.

त्या खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या एकतीसात तुझं पत्र कुठलं?"

माझं पत्र नव्हतं. हरकत घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतो. घरात आमचं बोलणं झालं होतं, की आपण उगाच कशाला. पासपोर्ट इथला आहे, घर स्वतःचं आहे, तरी मनात कुठेतरी पाहुण्यासारखं वागायची सवय. मी मदत करणारी होते, गल्लीतली नव्हते. तेरा वर्षं राहूनही.

"तू हवा कुठली घेतेस?" आंटी म्हणाल्या. मग उठल्या, कोट घातला आणि मला म्हणाल्या, चल.

बुधवार, गुरुवार मी रजा टाकली. आम्ही दोघी दारोदार गेलो. प्रत्येक दारात मी स्वतः सांगायचं, आंटींनी मध्ये बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "मी तुमचा कागद नष्ट केला. माझी चूक झाली. परत लिहाल का?" पांढऱ्या चादरीवाल्या बाईंनी मला आत बसवून चहा दिला आणि जे आठवलं ते लिहिलं. आधीच्यापेक्षा ते अर्धंच होतं. दोघांनी दारच उघडलं नाही. एकजण म्हणाला, कौन्सिलला आमचं ऐकायचं नसतंच, ते आता निमित्त शोधतायत. काहींनी चिडून लिहिलं आणि ती पत्रं फार चांगली झाली. ह्या वेळी मी फक्त फोटो काढून जसंच्या तसं पाठवलं. बोटं शिवशिवत होती, पण एक शब्द हलवला नाही.

बसवाले काका खिडकीशीच होते. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.

"सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत," ते म्हणाले. स्ट्रोकनंतर त्यांचे शब्द सावकाश येतात. "ह्या हाताने. मी एकदा लिहिलं."

मी म्हटलं, काका, चार ओळी तरी लिहा. त्यांनी डावा हात उचलून मला दार दाखवलं.

शुक्रवारी दुपारी मी माझं पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्य टाइप केलं ते हवेच्या दर्जाबद्दलचं होतं. ते खोडलं. मग लिहिलं, की मी कचरा डेपोच्या शेजारी वाढले, आणि माझ्या वडिलांचे अर्ज गेले तरी तो डेपो ते मरेपर्यंत हलला नाही. मला पुन्हा डेपोच्या शेजारी म्हातारं व्हायचं नाही. वाक्यं कच्ची राहिली. नाव आणि पत्ता घातला. पाच वाजता मुदत संपली तेव्हा वेगवेगळ्या हरकती बावीस झाल्या होत्या. कमिटीपुढे जायला तेवढ्या पुरल्या.

कमिटीची बैठक महिन्याभराने झाली. तोवर नातीला सर्दी झाली की आंटी फोनवर मुलीशी खोटं बोलायच्या, सगळं ठीक आहे म्हणायच्या, आणि माझ्याकडे बघून डोळे मिटायच्या. टाउन हॉलमध्ये आम्ही मागच्या दोन रांगा भरल्या होत्या. आंटींना तीन मिनिटं मिळाली. त्यांनी कागद न बघता बोलून दाखवलं, राहायला खोली न मिळाल्यापासून ते ॲम्ब्युलन्सपर्यंत. कमिटीतल्या दोघांनी काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, जमलं.

मग यार्डवाल्यांच्या वतीने आलेला माणूस उठला. शांत, नीटनेटका. त्याने सांगितलं, आमच्या लॉऱ्या आजही शाळा भरायच्या वेळी त्या गल्लीतून जात नाहीत आणि पुढेही जाणार नाहीत, हे आमच्या अहवालात लेखी दिलेलं आहे.

कमिटीतल्या एका बाईंनी चष्मा काढला आणि आमच्या रांगांकडे पाहिलं. "रहिवाशांपैकी कुणाकडे याच्या उलट काही नोंद आहे का? तारखा, वेळा?"

आठ सव्वीस. आठ एकतीस. आठ अडतीस. माझ्या कानात ते आकडे वाजायला लागले. आंटींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची पाठ ताठ होती, आणि त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. आम्हाला वेळ द्या." खूप कुजबुज झाली. शेवटी निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत ढकलला, तोवर दोन्ही बाजूंनी रहदारीची माहिती द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बसवाल्या काकांच्या दारात उभी राहिले. बैठकीत काय झालं ते सांगितलं. कमिटीने कुणाचं नाव घेऊन विचारलं नाही, पण तिथे तुमचेच कागद हवे होते, असं मी म्हटलं. मी लिहून देते, तुम्ही फक्त सांगा. त्यांनी पायाने एक स्टूल खिडकीकडे सरकवलं.

तेव्हापासून मी रोज आठ ते नऊ तिथे बसते आणि कामावर उशिरा जाते, संध्याकाळी भरून काढते. काका सांगतात, मी लिहिते. पहिल्या दिवशी मी 'साडेआठच्या सुमारास' असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि बोटाने खोडायला लावलं. "सुमारास नाही. आठ एकतीस. हिरवी लॉरी. वर जाळी नाही." बस चालवलेला माणूस, मिनिटाला पक्का. आठ पस्तीसला आंटी आणि नात शाळेकडे जाताना दिसतात. नातीचा स्कार्फ नाकावर ओढलेला असतो. लॉरी आली की आंटी तिला भिंतीकडे घेतात आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला होतात. काका तीही वेळ लिहायला लावतात.

बैठकीला आता नऊ दिवस उरले आहेत. काय होईल मला माहीत नाही. रात्री झोप नीट लागत नाही, आणि खिडकी पुसताना फडक्यावरची धूळ मी जास्तच निरखून पाहते. आंटींची मुलगी शनिवारी येणार आहे, आणि येताना रिकामी सूटकेस आणणार का, हे विचारायचं धाडस आम्हा दोघींत नाही.

रोज नऊ वाजता मी पेन बंद करते. काका हात पुढे करतात. मी कागद देते. ते सगळ्या वेळा ओठ हलवत परत वाचतात, कागदाची एका हाताने कशीबशी घडी घालतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात. आज मी म्हटलं, माझ्याकडे द्या, एक झेरॉक्स काढून ठेवते. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, झेरॉक्स आंटी काढतील.